कै. शंकर आबाजी भिसे : बालपणीच्या जिज्ञासेची जन्मभर जोपासना

नागपूरच्या उत्तरेस कन्हान व कोलार या नद्यांच्या परिसरात वसलेल्या आमच्या खापरखेड्यास कोणी पाहुणा प्रथमच आला, म्हणजे त्याची दृष्टी सर्वांत आधी वीज केंद्राच्या उत्तुंग धुरांड्यांकडे जाते. १९५० च्या दशकात येथे विजेचा पहिला कारखाना उभा राहिला. ती जुनी यंत्रे केव्हाच निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या संचांची एकत्रित क्षमता आज १३४० मेगावॉट आहे. सिल्लेवाडा, वलनी या नावांशी आमची ओळख कोळशाच्या खाणींमुळेच झालेली. येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी मुलांना अक्षरओळख होण्याच्या आधी कोळशाची ओळख होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. रस्त्यावर सांडलेला काळा तुकडा उचलून तो खिशात घालणारी व आईची बोलणी खाणारी बालके आम्ही रोजच पाहतो.

स्मरणिकेसाठी यंदा कोणाचे चरित्र लिहावे, असा प्रश्न पडला असता आमच्या डोळ्यांपुढे असेच एक बालक उभे राहिले. ते मुंबईचे होते, आपल्याच चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीत जन्मले होते, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने घरच्या घरी कोळशापासून ज्वालाग्राही वायू काढण्याचे उपकरण तयार केले होते. पुढे ज्यांच्या नावावर सुमारे २०० शोध व त्यांपैकी चाळीसेक पेटंटे जमा झाली, ज्यांना अमेरिकेत भारतीय एडिसन ही संज्ञा लाभली, तेच हे कै. शंकर आबाजी भिसे. त्यांचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असते. तथापि त्यांनी नेमके काय केले आणि त्यात त्यांना यश किती, अपयश किती आले, हे आजच्या पिढीपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. या लेखात आम्ही त्यांचा गौरव तर करणार आहोतच, परंतु त्यांच्या अपयशाकडेही पाठ फिरविणार नाही. कारण आमच्या मते त्यातच आपल्या कुटुंबांना घेण्याजोगा बोध अधिक आहे.

जन्मकाळची मुंबई

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. तो काळ ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या बालमनाची घडण समजणार नाही. १८५३ साली मुंबई व ठाणे यांच्या दरम्यान आगगाडी धावली होती. कापडाच्या गिरण्यांची धुरांडी एकामागून एक वर चढत होती. १८६५ साली, म्हणजे शंकररावांच्या जन्माच्या अवघी दोन वर्षे आधी, मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले होते. तेलावाचून व वातीवाचून पेटणारा तो दिवा लोकांना नवलाचा वाटे. संध्याकाळी दिवे लावणारा मनुष्य येई आणि त्याच्या मागोमाग पोरांचा घोळका चाले. बहुतेक पोरे दिवा लागला की घरी परतत. एखाद्याच्याच मनात मात्र हा वायू येतो कोठून, असा प्रश्न घर करून राही.

हा वायू दगडी कोळशापासून येत असे. कोळसा उघड्यावर पेटविला तर जळून त्याची राख होते. परंतु तोच कोळसा बंद भांड्यात घालून, हवा लागू न देता, बाहेरून तापविला तर तो जळत नाही, फुटतो. त्यातून डांबर निघते, अमोनियाचे पाणी निघते, आणि हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आदींचे मिश्रण असलेला वायू निघतो. भांड्यात उरतो तो हलका, सच्छिद्र कोक. हा वायू धुऊन, स्वच्छ करून नळ्यांवाटे गावभर खेळवावयाचा, हा त्या काळच्या वायूच्या कारखान्याचा सारा व्यवहार होता.

जे काम मोठ्या कारखान्यात प्रचंड भट्ट्यांच्या साह्याने होई, ते १८८१ च्या सुमारास चौदा वर्षांच्या एका मुलाने आपल्या घरात करून पाहिले. त्यामागे पाठ्यपुस्तकातील धडा नव्हता की गुरुजींची आज्ञा नव्हती. केवळ पाहिलेल्या गोष्टीचे मूळ शोधण्याची ऊर्मी होती. येथे एक गोष्ट सांगून ठेवणे आमचे कर्तव्य आहे. कोळशाचा हा वायू विषारी असतो, आणि बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. तेव्हा हा लेख वाचून आमच्या बालवाचकांपैकी कोणास स्फुरण आलेच, तर वडीलधाऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय व मोकळ्या हवेत गेल्याशिवाय त्यांनी असल्या प्रयोगाचे नाव काढू नये.

स्वयंपाकघर ही पहिली प्रयोगशाळा

शंकररावांच्या बालपणी सामान्य गृहस्थाच्या मुलाला प्रयोगशाळा कोठली मिळणार? त्याला आच मिळे ती चुलीची, भांडी मिळत ती आईच्या मांडणीवरची, आणि वजने मिळत ती वाण्याच्या दुकानातली. म्हणून आम्हांस असे वाटते की, ज्या घरात मुलाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले जाते, त्या घरात विज्ञानाचे निम्मे शिक्षण होऊन जाते.

आपल्या ज्ञातीच्या पाककौशल्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्या कौशल्याच्या पोटात केवढे निसर्गज्ञान व केवढे शास्त्र भरले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. वालाच्या बिरड्याचेच घ्या. वाल रात्रभर भिजवावयाचे, उपसून उबेला बांधून ठेवावयाचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलावयाचे. थंडीत मोड उशिरा का येतात, पाण्यातच ठेवले तर वाल कुजतात का, आणि फडक्यात बांधले म्हणजे तरारतात का? या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास बी सजीव आहे, त्याला पाण्याबरोबर हवाही लागते आणि ठराविक ऊबही लागते, हा वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा चुलीपाशीच मिळतो.

पावसाच्या आरंभी कोकणात जमिनीतून वर येणाऱ्या शेवळांची गोष्ट याहून मौजेची आहे. इकडे विदर्भात आल्यापासून आम्हांला त्यांचे दर्शन दुर्मिळ झाले आहे, आणि मुंबई-ठाण्याकडचे आप्त कोणी येताना घेऊन आले तर तो दिवस सणाचा होतो. शेवळे नुसती शिजविली तर घसा खाजून बेजार होतो, कारण त्यांत सुईसारखे अणकुचीदार स्फटिक असतात. सुरणात व अळूतही तेच असतात. म्हणून शेवळांबरोबर काकडांचा आंबट-तुरट रस घालावयाचा, सुरणास चिंच किंवा आमसूल लावावयाचे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी रानात व चुलीपाशी अनुभवाने शोधून काढले. त्यांनी शोधाची पेटंटे घेतली नाहीत इतकेच. घरातील मुलाने काकडे कशासाठी, असे विचारले असता त्याला गप्प बसविणारी माउली आणि खाज कशी मारली जाते ते समजावून सांगणारी माउली, या दोघींच्या मुलांत पुढे फार अंतर पडते.

शंकररावांच्या चरित्राचा विचार करताना हे सारे आम्हांस पुनःपुन्हा आठवते. कारण त्यांच्या शोधांच्या यादीकडे पाहिले तर त्यांतील कितीतरी वस्तू घर, दुकान व रस्ता या रोजच्या व्यवहारातल्या आहेत. कोणी उघडल्यास लगेच कळून यावे अशी बाटली, आगगाडीच्या प्रवाशांना पुढील स्थानक दाखविणारा दर्शक, स्वयंपाकघरातील उपयोगाचे साधन, कपडे धुण्याची भुकटी, असे त्यांचे विषय असत. रोजच्या अडचणीकडे बालकाच्या कुतूहलाने पाहणे, ही त्यांची खरी प्रतिभा होय.

स्वयंशिक्षण व पहिले यश

उच्च यंत्रशिक्षण देणारी विद्यालये त्या काळी आपल्या तरुणांना सहज खुली नव्हती. शंकररावांनी ती उणीव वाचनाने भरून काढली. सायंटिफिक अमेरिकन हे अमेरिकेतून प्रसिद्ध होणारे नियतकालिक हाच त्यांचा यंत्रशास्त्रातील मुख्य गुरू झाला. त्यातील आकृत्या पाहाव्यात, त्या समजून घ्याव्यात आणि हाताशी असलेल्या सामानातून तसे काही करून पाहावे, असा क्रम चालला. सोळाव्या वर्षीच त्यांनी मनाशी ठरविले होते की, आपल्या शोधांसाठी इंग्लंडला किंवा अमेरिकेला जावयाचे.

केवळ स्वतःपुरते शिकून ते थांबले नाहीत. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमी मंडळींना एकत्र आणून एक मंडळ काढले, आणि विविध कलाप्रकाश या मराठी नियतकालिकाच्या संपादनातून यंत्र व कला यांचे ज्ञान आपल्या भाषेत आणण्याचा उद्योग केला. आपल्या भाषेत शास्त्र सांगता आले पाहिजे, ही तळमळ त्यांच्या ठायी तरुणपणीच होती, हे आपण विसरू नये.

१८९० ते १८९५ या काळात त्यांचे लक्ष प्रकाशाच्या खेळांकडे वेधले. एक घन वस्तू पाहता पाहता दुसरीच होऊन जावी, असे दृष्टिभ्रमाचे प्रयोग ते करून दाखवीत. मुंबईकरांनी ते नवलाने पाहिले आणि पुढे इंग्लंडातही त्यांचे प्रयोग झाले. असल्या खेळांत जादू नसते. काचेचा कोन, दिव्याची जागा, उजेडाची कमी-अधिक तीव्रता आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या मर्यादा यांचा मेळ असतो. रस्त्यावरच्या दिव्याकडे टक लावून पाहणारा मुलगाच येथे मोठा होऊन उभा राहिलेला दिसतो.

१८९७ च्या सुमारास त्यांच्या जीवनास वळण लावणारी घटना घडली. लंडनच्या इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड या नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. वाण्याच्या दुकानातील पीठ, साखर यांसारखा माल माणसाचा हात न लागता आपोआप तोलून देणारे यंत्र कल्पावयाचे होते. विषय वरवर सोपा दिसतो, परंतु घरात डबे भरणाऱ्या कोणत्याही गृहिणीस त्यातली मेख चटकन कळेल. साखर सरसर ओघळते, पीठ मात्र अडते, गोळा होते, मग एकदम कोसळते. पावसाळ्यात तर त्याची चालच बदलते. अशा मालाचा ओघ नेमक्या वजनाशी थांबविणे हे काम अवघड असते. या स्पर्धेत शंकररावांची योजना सर्वोत्तम ठरली. इंग्लंडातील स्पर्धकांना मागे टाकून मुंबईचा एक स्वयंशिक्षित तरुण पहिला आला, या वार्तेने आपल्या लोकांत केवढा आनंद पसरला असेल! वायूचा दिवा जसा रस्त्यावरचा, तशीच ही तराजूही नाक्यावरच्या दुकानातली होती. शोधाचे बीज त्यांना दूर जाऊन आणावे लागले नाही.

लंडनमधील झुंज

या यशाने सोळाव्या वर्षीचा संकल्प फळास आला. एकोणिसावे शतक मावळत असता ते लंडनला पोहोचले. राष्ट्रीय सभेचे कार्यकर्ते दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र त्यांच्यापाशी होते आणि ते होते दादाभाई नौरोजींच्या नावाचे. दादाभाई हे १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करण्यात त्यांनी आयुष्य वेचले होते. आपल्या देशाचा तरुण यंत्रे निर्माण करू शकतो, हे जगाला दिसावे, या भावनेने त्यांनी शंकररावांस आश्रय दिला आणि वार्धक्यात स्वतःचा पैसाही त्यांच्या उद्योगात घातला.

लंडनमध्ये शंकररावांनी विजेच्या प्रकाशाने चालणारी जाहिरातीची फलकयंत्रे केली. ती क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात मांडली गेली. परंतु त्यांचा सारा जीव गुंतला तो छपाईच्या खिळे ओतण्याच्या यंत्रात. या यंत्रास त्यांनी भिसोटाइप हे आपल्या आडनावावरून नाव दिले होते.

हे काम समजण्यास थोडी पार्श्वभूमी हवी. छापखान्यातील खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचा छोटा ठोकळा असे आणि त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर उमटलेले असे. धातू वितळवावयाची, साच्यात ओतावयाची, थिजू द्यावयाची आणि खिळा बाहेर काढावयाचा, ही कृती. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो व अक्षराच्या कडा रेखीव उतरतात. यात खरी अडचण ओतण्याची नसून थिजण्याची होती. यंत्र वेगाने चालवावे तर धातू थिजण्याआधीच साचा उघडतो आणि अक्षर बिघडते. थंड होण्याची वाट पाहावी तर वेग जातो. मोदकाचा किंवा वडीचा साचा हाताळणाऱ्या कोणासही यातील मर्म कळेल. गरम घाईने काढले तर आकार मोडतो आणि फार निवले तर चिकटून बसते. आचेने वस्तूचे रूप कसे पालटते, हे चौदाव्या वर्षी कोळशावर पाहिलेल्या मुलाने आता तोच प्रश्न शिशावर सोडविण्यास घेतला होता.

ऑटमार मर्गनथालर यांच्या लायनोटाइप यंत्राने १८८६ पासून छपाईच्या जगात क्रांती केली होती आणि त्या पाठोपाठ मोनोटाइपही आले होते. अशा बलाढ्य कंपन्यांच्या क्षेत्रात शंकरराव उतरले. त्या वेळची यंत्रे मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे ओतीत असताना, शंकररावांचे यंत्र बाराशेच्या घरात पोहोचले, असे त्याचे वर्णन झालेले आहे. मराठी वाचकास या कामगिरीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांमुळे देवनागरीच्या छपाईस शेकड्यांनी निरनिराळे खिळे लागत. गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी अशा मुंबईच्या मुद्रकांनी त्यासाठी केवढे कष्ट उपसले, हे प्रसिद्धच आहे.

यंत्र सिद्ध झाले, परंतु भांडवल उभे राहिले नाही. दादाभाईंचे स्नेही व इंग्लंडातील समाजवादी पुढारी हिंडमन यांनी पैसा जमविण्याची खटपट केली. पंधरा हजार पौंडांचा आकडा मनात धरला होता, पण तो कागदावरच राहिला. १९०७ साली वृद्ध दादाभाई मायदेशी परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शंकररावांना लंडनमधील उद्योग आवरता घ्यावा लागला. दादाभाईंनी घातलेला पैसाही त्यात बुडाला.

टाटांचे साह्य आणि अमेरिका

१९०८ साली शंकरराव मायदेशी निघाले असता बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी भेट झाली. गोखल्यांच्या ठायी गुणग्राहकता मोठी होती. त्यांनी शंकररावांची गाठ रतन टाटा यांच्याशी घालून दिली. जमशेटजी टाटांचे हे धाकटे पुत्र उदार व रसिक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या साह्याने १९१० साली टाटा-भिसे इन्व्हेंशन्स सिंडिकेट ही संस्था स्थापन झाली आणि शंकरराव पुन्हा लंडनला कामास लागले. दैवाने मात्र पुन्हा पाठ फिरविली. १९१४ साली महायुद्ध पेटले, व्यापार विस्कटला आणि १९१५ च्या सुमारास ही संस्थाही बंद पडली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दोनदा सर्वस्व पणास लावून हरलेला मनुष्य काय करील? बहुतेक जण घरी परततील. शंकररावांनी अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्क हेच त्यांचे अखेरपर्यंतचे वास्तव्यस्थान झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रात आणखी सुधारणा केल्या, पेटंटे घेतली, आणि १९२० च्या सुमारास आपल्या नावाची कंपनीही उभी केली.

त्यांच्या उत्तर आयुष्यातील मोठे काम मात्र यंत्राचे नव्हते, औषधाचे होते. आयोडीनपासून त्यांनी ॲटोमिडीन नावाचे द्रव्य तयार केले आणि ते अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्या काळी आयोडीनच्या औषधांकडून वैद्यांच्या व लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या. आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर त्या सर्वच उतरणार नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि असले द्रव्य डॉक्टरांवाचून कोणी घेऊ नये. परंतु ज्या पदार्थाकडे शंकररावांचे लक्ष गेले, तो निसर्गाच्या नवलांपैकी एक आहे यात शंका नाही. १८११ साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास समुद्रवनस्पतींच्या राखेवर काम करताना जांभळी वाफ दिसली, आणि तेथे आयोडीनचा शोध लागला. समुद्रातील हे द्रव्य आपल्या देहास अत्यल्प प्रमाणात हवेच असते. ते न मिळाल्यास गळ्याशी गलगंड वाढतो. म्हणूनच आपल्या देशात १९६२ साली गलगंड निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि स्वयंपाकघरातील मिठात आयोडीन आले. आमच्या बालवाचकांना एक निर्धोक प्रयोग सुचवितो. भाताच्या पेजेत, मोठ्यांच्या देखत, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. पेज काळीनिळी होईल, कारण तिच्यात पिष्ट आहे. मग ती पेज अर्थातच फेकून द्यावी.

१९३० च्या डिसेंबरात शंकररावांची व थॉमस एडिसन यांची भेट झाली. एडिसन त्या वेळी अतिवृद्ध होते आणि पुढील वर्षी ते निवर्तले. एडिसन यांनीही बालपणी घराच्या तळघरात आणि पुढे आगगाडीच्या डब्यात रसायनांचे प्रयोग केले होते. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्यांनी कोळसा जाळून वीज निर्माण करणारे केंद्र उघडले. आमच्या खापरखेड्याच्या केंद्राचा तो पूर्वजच म्हटला पाहिजे. त्याच्या जवळपास एक वर्ष आधी मुंबईतला एक मुलगा कोळशातून वायू काढीत होता. त्या दोघांची भेट अर्धशतकानंतर व्हावी, हा योग विलक्षण खरा!

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे शंकररावांनी इहलोकीची यात्रा संपविली. अडुसष्टावे वर्ष पुरे होण्यास तीन आठवडे उरले होते.

आपल्यापुढील प्रश्न

इतके गुण अंगी असून या पुरुषाचे नाव आज घरोघरी का नाही? याचे उत्तर देताना आम्ही पक्षपात करू इच्छीत नाही. काही दोष त्यांच्या स्वभावातही असावा. दोनशे गोष्टींच्या मागे धावणारे मन एका गोष्टीवर पुरेसे स्थिर राहत नाही. जिज्ञासेस लगाम नसेल तर ती माणसाला पुष्कळ दारांपर्यंत नेते, पण एकाही घरात बसू देत नाही. परंतु मोठा दोष परिस्थितीचा होता. एडिसन यांच्यामागे भांडवल होते, कारखाने होते, हाताखाली कुशल माणसे होती. शंकररावांच्या मागे एक वृद्ध देशभक्त, एक थोर विद्वान आणि एक उदार धनिक, एवढेच उभे राहिले. इतरांनी त्यांचे कौतुक केले, सत्कार केले, परंतु गरजेच्या वेळी हात आखडता घेतला. कौतुकाने यंत्र चालत नाही.

हे लिहिताना आमची आम्हांसच लाज वाटते, कारण आपल्या मंडळाचा व्यवहार याहून फारसा वेगळा नाही. दरवर्षी आपण गुणपत्रिका पाहून पारितोषिके देतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या मुलाने शेजारच्या शेतातले कीटक गोळा करून त्यांची वही केली, ज्या मुलीने दही कोणत्या ऋतूत किती तासांनी लागते याची टिपणे वर्षभर ठेवली, जिने बंद पडलेला पंखा उघडून पुन्हा चालू केला, त्यांच्याकडे आपले लक्ष जाते काय? नागपुरात भोसल्यांच्या काळापासून चिटणवीसांसारख्या आपल्या घराण्यांनी लेखणीचा व कारभाराचा लौकिक मिळविला. त्या लेखणीच्या बरोबरीने पकड, परीक्षानळी व कढई यांनाही आपल्या घरांत मान मिळाला पाहिजे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, गुणपत्रिकेवरच्या पारितोषिकांबरोबर यापुढे एक पारितोषिक घरी स्वतः केलेल्या प्रयोगास असावे. ते मिळविण्यासाठी पैकीच्या पैकी गुणांची अट नसावी. प्रयोग फसला असला तरी चालावा, फक्त तो का फसला हे मुलाला सांगता आले पाहिजे. आणि पारितोषिकाची रक्कम केवळ शोभेची नसावी, पुढील प्रयोगाचे सामान तीत यावे.

घराघरांतून याहून थोडे काम करावयाचे आहे. मुलाने खिशात घालून आणलेला कोळशाचा तुकडा फेकून देण्यापूर्वी त्याला तो कोठे सापडला, हे एकदा विचारावे. करोडो वर्षांपूर्वीच्या अरण्याचा तो अवशेष आहे, हे सांगावे. मुलगी भाजी निवडताना अळीकडे पाहत बसली तर तिला थोडा वेळ पाहू द्यावे. मुलगा असला तरी त्याला पोळी लाटू द्यावी आणि ती का फुगते हे त्याच्याकडूनच शोधवावे. कपडे मळतील, एखादे भांडे करपेल. शंकररावांच्या घरीही त्या दिवशी काही करपले असेलच. पण त्या घराने मुलाला थांबविले नाही, आणि म्हणून आज आपण त्यांचे चरित्र लिहीत आहोत.

सायंकाळी खापरखेड्याचे दिवे लागतात, तेव्हा आम्हांस मुंबईच्या त्या वायूच्या दिव्याखालचा मुलगा आठवतो. त्याच्यासारखे कोणी आज आपल्या वसाहतीत, आपल्या घरात, कदाचित याच क्षणी स्वयंपाकघरात आपल्याला काही विचारीत असेल. त्याचे उत्तर आपल्याला येत नसेल तर तसे सांगावे आणि त्याच्याबरोबर शोधावयास बसावे. कै. शंकर आबाजी भिसे यांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.